बटणाचं दार

सौंसर, ८ नोव्हेंबर १९८७

ती. ताईस,
मनोहरचा नमस्कार, भाऊजींनाही सांग. भाऊबीजेला तुझ्याकडे आलो तेव्हा एक गोष्ट पोटात ठेवली होती. तेव्हाच बोललो असतो तर ओवाळणं बाजूला राहिलं असतं आणि तू वाद घालत बसली असतीस. मला तुझ्या हातच्या करंज्या शांतपणे खायच्या होत्या. आता खाऊन झाल्या, म्हणून सांगतो.

गॅरेजचं जुनं दार मी काढून टाकतो आहे. त्या जागी नागपूरहून शटर येणार. आणि हे दुकानांना असतं तसं ओढायचं शटर नाही बरं का, विजेवरचं आहे. भिंतीवरचं बटण दाबलं की आपोआप वर गुंडाळलं जातं, पुन्हा दाबलं की खाली येतं. नागपूरला एका कारखान्यात पाहिलं आणि मी तिथंच ठरवलं की हे आपल्याकडे पाहिजे. कमल म्हणते, "लाइन गेल्यावर काय करसान?" मी म्हटलं, त्याला हँडल असतं, गोल फिरवायचं. तर म्हणते, "मंग जुन्या दारानं काय घोडं मारलं होतं?" तुझ्या भावजयीला विज्ञानाचं काही कौतुकच नाही.

पण तूच सांग, त्या दारात आता काय उरलं आहे? एक पल्ला जमिनीला टेकलेला, उघडायचा तर दोघांनी उचलून धरायचा. उघडतो रस्त्यावर, आणि परवा एका सायकलवाल्याच्या हँडलला असा लागला की तो मला नाही नाही ते बोलून गेला. संत्र्याचा हंगाम सुरू झाला, जीप दिवसातून चारदा आत-बाहेर करते. कोठ्याचं दार ते, इथं बैल बांधायचे तेव्हा बैलबंडीसाठी केलेलं. भैय्याजी मिस्त्रीला म्हटलं, घेऊन जा, फळ्या तुझ्या कामी येतील.

बाबा ठीक आहेत. बाजाराच्या दिवशी रामाकोन्याहून येतात, गॅरेजमधल्या बाजेवर बसतात, कमलनं दिलेला चहा पितात, माझ्याशी संत्र्याच्या भावावर दोन गोष्टी बोलतात आणि दुपारच्या मोटारीनं जातात. आत या म्हटलं की त्यांचं एकच, "इथंच बेस हाय." नऊ वर्षं झाली, राग कुठला राहतो. त्यांना ती जागाच आवडते असं मला वाटतं. शटरचं त्यांना सांगितलेलं नाही. पहिल्यांदा बटण त्यांच्याच हातानं दाबायचं ठरवलं आहे, म्हणून तूही पत्रात काही लिहू नकोस. म्हातारा खूश होईल बघ.

तुझा,
मनोहर


पांढुर्णा, १९ नोव्हेंबर १९८७

चि. मनोहर,
तुला आणि कमलला आशीर्वाद. करंज्या खाऊन झाल्यावर सांगतोस होय रे लबाडा? पुढच्या वर्षी तुला आधी बोलायला लावीन आणि मग ताट देईन.

शटर लाव, विजेचं लाव, उद्या त्याला रेडिओही जोड, माझं काही म्हणणं नाही. पण बाबांना न सांगता लावू नकोस. तुझी खोडच आहे, आधी करायचं आणि मग सांगायचं. तेव्हाही बाबा माझ्याकडे पांढुर्ण्यात दोन महिने राहायला आले होते, आणि तू मागे बैलजोडी विकलीस, कोठ्यातल्या गव्हाणी काढल्यास, जीप आणून उभी केलीस. तेव्हाही तुला वाटलं होतं, म्हातारा खूश होईल. मी त्यांना पोचवायला आले होते, माझ्या डोळ्यांसमोरचं आहे सगळं. रिकाम्या कोठ्यात हात फिरवून ते बाहेर आले आणि घराकडे बोट करून म्हणाले, "या घराच्या उंबरठ्यावर आता माहा पाय नाही पडणार." आणि त्याच मोटारीनं रामाकोन्याला आपल्या संत्र्याच्या बगीच्यात राहायला गेले.

राग राहिला नाही हे खरं आहे. पण शब्द राहिला आहे, मनोहर. त्यांनी नऊ वर्षं शब्द पाळला आणि तुझ्याकडे येणंही सोडलं नाही. हे त्यांनी कसं जमवलं ते तुला ठाऊकच आहे, मी काय सांगू.

जुन्या दाराचा एक पल्ला मला हवा होता. पोळ्याच्या दिवशी आई बैलांची पूजा झाली की गेरूचे हात त्या दारावर उमटवायची. पावसानं पुसले असतील, पण आतल्या बाजूनं असतील अजून. मिस्त्रीनं कापलं नसेल तर ठेवायला सांग.

सासूबाईंचा दमा उठला आहे, म्हणून उद्घाटनाला काही येणं होत नाही.

ताई


सौंसर, २० डिसेंबर १९८७

ती. ताईस,
शटर लागलं. पण मनासारखं झालं नाही, म्हणून लिहायला उशीर केला.

बाजाराचा दिवस धरून मी सगळं ठरवलं होतं. नागपूरची माणसं आदल्या दिवशी काम संपवून गेली. भैय्याजीनं शटरखाली सिमेंटचा बांध घालून दिला, चार बोटं उंच, म्हणजे पावसाचं पाणी आणि उंदीर आत येणार नाहीत. लाल रंग देऊन असा घोटला आहे की तोंड पाहून घ्यावं. कमलनं सकाळी त्यावर हळदीकुंकू वाहिलं, दोन्ही टोकांना रांगोळी काढली, फुलं ठेवली. अर्धी गल्ली जमली होती. लोक त्याला आता बटणाचं दारच म्हणतात.

बाबा आले. मी हाताला धरून बटणापाशी नेलं, ते बाहेरच्या भिंतीवर आहे. "दाबा," म्हटलं. त्यांनी दाबलं. शटर घरघर करत वर गेलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाबासुद्धा हसले, ताई. मी पाहिलं ना. मग त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ खाली पाहत राहिले. मी म्हटलं, "चला ना आत, बाज टाकली हाय." तर म्हणाले, "बेस केलं तू. चांगलं झालं." आणि वळले. चहा नाही, पाणी नाही. कमल कप घेऊन मागं धावली तर तिला म्हणाले, "राहू दे पोरी, मोटार चुकन." मोटारीला तर खूप वेळ होता.

त्यानंतरचे दोन बाजार ते आलेच नाहीत. हिरामणला विचारलं, तोच बगीच्यात त्यांच्यासोबत असतो. तर म्हणे तब्येत ठणठणीत आहे.

मला आता रागच येतो. किती दिवस म्हाताऱ्याचं मन राखायचं? एक सडकं दार काढलं तर एवढं मनाला लावून घ्यायचं? दुसऱ्याच्या मुलानं असं काही केलं तर गावभर कौतुक सांगतील, आणि मी केलेलं मात्र त्यांना कधीच गोड लागत नाही. पल्ले भैय्याजीकडे विचारले. तो म्हणतो, ते कोणीतरी नेले. कोणी ते सांगायला तयार नाही.

मनोहर


पांढुर्णा, ९ जानेवारी १९८८

चि. मनोहर,
तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग उत्तर न लिहिता सासूबाईंना तुझ्या भाऊजींवर सोपवलं आणि सरळ रामाकोन्याला गेले. काल परत आले.

पल्ले बाबांनी नेले आहेत. भैय्याजीकडून मागून, हिरामणच्या बंडीत घालून. एक झोपडीला टेकवून ठेवला आहे आणि दुसरा खाली चार दगड लावून आडवा केला आहे, त्यावर ते दुपारचे पडतात. आईचे हात आहेत अजून, उजव्या बाजूला दोन स्पष्ट दिसतात.

मी विचारलं, "बाबा, सौंसरले काहून नाही जाऊन राहिले?"

"जावाले जागा नाही राहिली बाई."

"असं कसं? त्यानं एवढी हौसेनं बटणाचं दार केलं."

"दार बेस हाय. पण खाली उंबरठा बांधला त्यानं. चांगला लाल, घोटून. सूनबाईनं हळदकुंकू वाह्यलं त्याच्यावर. मंग मी समजलो."

"काय समजले?"

"कोठ्याले उंबरठा नव्हता. बंडी जावाची असते, उंबरठा ठेवतच नाही कोणी. म्हणून मी तिकून येत होतो. शब्द बी राह्यला आन पोरगा बी दिसला. नऊ वर्सं मनोहरनं पाहून न पाह्यल्यावानी केलं, एका अक्षरानं छेडलं नाही मले. एवढा तं समजदार निंगाला तो. आता कटाळला असन. तोंडानं नाही म्हणवलं त्याले, तं सिमेटानं सांगतलं."

मनोहर, त्यांना वाटत होतं की तुम्हा बापलेकांचं न बोलता काही ठरलेलं आहे. आणि तुझी दोन्ही पत्रं माझ्या डोळ्यांपुढं होती. तुला काही ठाऊकच नव्हतं, तू कधी पाहिलंच नव्हतंस, हे माझ्या तोंडून निघेना. नऊ वर्षं ज्या गोष्टीचा त्यांना मुलाबद्दल अभिमान होता ती मी एका वाक्यात कशी काढून घेऊ?

तू तो चार बोटांचा बांध फोडून टाक. मग स्वतः जाऊन त्यांना घेऊन ये. माझ्यावर विश्वास ठेव, त्यांना दुसरं काही नको आहे.

ताई


सौंसर, १७ जानेवारी १९८८

ती. ताईस,
तिळगूळ पाठवतो आहे, कमलनं केला आहे.

मला खरंच ठाऊक नव्हतं. तुला वाटत असेल की मी आता साळसूदपणा करतो आहे, पण देवाशपथ सांगतो, ते गॅरेजमध्येच का बसतात हा विचारच कधी माझ्या डोक्यात आला नाही. कमलला विचारलं तर ती म्हणते, "मले वाटलं तुमाले माईत हाय." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून.

पण ताई, तो काही उंबरठा नाही. उंबरठा लाकडाचा असतो, चौकटीचा असतो. हा पाणी अडवायचा बांध आहे. कमलनं त्यावर हळदीकुंकू वाहिलं नसतं तर बाबांना तसं वाटलंही नसतं. भैय्याजीला फोडायचं विचारलं तर तो म्हणतो, घणानं बाजूच्या पट्ट्या हलल्या की शटर अडकेल. होळीनंतर नागपूरची माणसं तेलपाणी करायला येणार आहेत, त्यांच्यासमोर फोडू असं ठरवलं. सध्या मालाच्या गाड्या भरून राहिलो, श्वास घ्यायला फुरसत नाही.

हिरामणजवळ निरोप दिला आहे की बाबांना म्हणावं, पुढचं दार तुमच्यासाठी कधीही उघडं आहे.

मनोहर


पांढुर्णा, २ फेब्रुवारी १९८८

मनोहर,
तिळगूळ पोचला, गोड होता. तुझं पत्र नव्हतं.

पुढचं दार उघडं आहे हा निरोप ज्या माणसाला द्यायचा नाही त्यालाच तू दिलास. तोही हिरामणच्या तोंडून. होळीपर्यंत थांबायला बाबा काय शटर आहेत? सब्बल घे आणि फोड. अडकलं तर अडकू दे, जीप बाहेर उभी राहील. रामाकोना काही विलायतेत नाही, तुझी जीप दिवसातून चारदा फिरते म्हणतोस, एकदा तिकडं फिरव.

पत्र मिळाल्याबरोबर जा.

ताई


नागपूर, २३ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
तार मिळाली असेल. तू गाडीत बसली असशील तर हे पत्र तुझ्या मागं घरी पोचेल, तरी लिहितो, कारण दवाखान्यात बसून दुसरं काही करता येत नाही.

बाबा परवा विहिरीपाशी पडले. हिरामणनं संत्र्याच्या ट्रकमध्ये घालून सौंसरला आणलं, तिथून इकडे. उजवी बाजू गेली आहे. डॉक्टर म्हणतात पाय सुधारेल, डोक्याचं सांगता येत नाही. सकाळी डोळे उघडले. मी म्हटलं, बाबा, मी मनोहर. तर मला म्हणाले, "भाऊ, थोडं पाणी देता का?" देता का म्हणाले ताई. मला.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले होते. रोज उठून म्हणत होतो, उद्या जातो. एक दिवस तर रामाकोन्याच्या फाट्यापर्यंत गेलोही, माल पोचवायला. उंबरठा फोडल्याशिवाय कोणत्या तोंडानं जाऊ असं वाटलं, आणि गाडी वळवली.

लवकर ये.

मनोहर


पांढुर्णा, २७ मार्च १९८८

चि. मनोहर,
नागपूरहून आल्यापासून घरात लक्ष लागत नाही. बाबा मला ओळखतात की नाही तेच कळत नव्हतं. कधी बाई म्हणायचे, कधी त्यांची आई समजून भाकर मागायचे. तुझे भाऊजी म्हणतात, सगळंच गेलं नाही हे काय कमी आहे.

तू दवाखान्यात रात्रंदिवस बसलास, त्यांचं सगळं केलंस, ते मी पाहिलं. म्हणून आता माझी चूक तुला सांगते. तुला रागावले, पण त्या दिवशी झोपडीत मीही तोंड उघडायला हवं होतं. त्याला ठाऊकच नव्हतं बाबा, खुळं आहे ते, त्यानं मुद्दाम नाही केलं, एवढं म्हणाले असते तर ते रागावले असते, आणि दुसऱ्या बाजाराला आले असते. मला वाटलं मी त्यांचं मन जपते आहे. त्यात त्यांचा पाय मात्र थांबला.

डॉक्टर त्यांना सोडणार आहेत म्हणतोस. रामाकोन्याला आता त्यांना ठेवता येणार नाही, घरीच आण. पण मनोहर, त्याआधी ते काम कर. त्यांना आठवत असो की नसो, त्यांचा शब्द आपण तर ऐकला आहे. गॅरेजमधूनच आत घे.

ताई


सौंसर, १० एप्रिल १९८८

ती. ताईस,
बाबा घरी आले. तू खुशाली विचारशील म्हणून आधी तेच सांगतो. काठी धरून चालतात, भाकरी दुधात कुस्करून खातात, झोप चांगली आहे.

आणायच्या आदल्या दिवशी बांध फोडला. भैय्याजीला बोलावलं नाही, स्वतःच सब्बल घेतली. चार बोटांचं काम, पण घोटून पक्कं केलेलं, हाताला फोड आले. पट्ट्या हलायच्या होत्या तशा हलल्या, शटर आता अर्ध्यावर अडकून बसलं आहे. राहू दे. तुकडे उचलले, जमीन सारखी केली, शेण-मातीनं लिंपून घेतली. तिथं काही होतं असं कोणाला सांगूनही पटणार नाही.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजसमोर लावली. बाबांना उतरवलं आणि मी हिरामणला काही सांगेपर्यंत ते त्याचा हात धरून पुढच्या दाराकडं चालायला लागले. मी ओरडलो, "बाबा, तिकून नका जाऊ, इकून या." त्यांनी ऐकलंच नाही. पायरी चढले. उंबरठ्यावर उजवा पाय उचलत नव्हता, तर हातानं धोतर धरून पाय उचलून आत ठेवला. ताई, ज्यासाठी नऊ वर्षं मी मनातून देव पाण्यात घातले होते ते असं झालं. कमल रडायला लागली. आत जाऊन त्यांनी चहूकडं पाहिलं आणि तिला विचारलं, "घर चांगलं हाय. कोनाचं व्हय?"

मी स्वतःची समजूत घातली की आता काय, आले ना आत. आठ दिवस बरे गेले. काल संध्याकाळी त्यांना हवेवर बसवावं म्हणून बाहेर घेऊन गेलो. गॅरेजमध्ये त्यांची बाज टाकली होती, तशीच, भिंतीला लावून. रामाकोन्याहून आईचे हात असलेला पल्लाही आणवला आहे, तो समोर उभा केला आहे. वाटलं, पाहिलं तर काही आठवेल.

हात धरून नेलं. माझ्याबरोबर नीट चालत होते. त्या जागेशी आले आणि थांबले. खाली पाहत राहिले. मी म्हटलं, चला ना. काठी घट्ट रोवून उभे. मी पुढं होऊन त्या जागेवर दोनदा पाय ठेवून दाखवला, मग खाली बसून हात फिरवून दाखवला. म्हटलं, "पाहा, काहीच नाही इथं. सारखी जमीन हाय."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं वाटेत भेटलेल्या परक्या माणसाची समजूत घालावी. आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमाले नाही दिसत भाऊ. हाय तिथं. माह्या पोरानं बांधला."

मग वळले, आणि पुढच्या दारानं घरात गेले.

मी तिथंच बसून राहिलो. तू ये, ताई. सासूबाईंना सोबत घेऊन ये हवं तर, पण ये. कधी कधी तुला ते बाई म्हणून ओळखतात. तिथं काही नाही, हे तू त्यांना सांगून बघ. मी सांगितलेलं त्यांना पटत नाही, कारण मी कोण ते त्यांना माहीत नाही.

तुझा,
मनोहर